छर्रे वरखाली पडतात: १० मीटर एअर रायफलमधला बिघडलेला वेग कसा शोधायचा

तक्रार ठरलेली असते. काल शून्य करून, म्हणजे साईट मधोमध लागेल अशी लावून ठेवलेली रायफल आज वर मारते. पहिला शॉट नऊवर जातो, मग चार दहा बसतात, मध्ये थोडा थांबलं की परत नऊ. नेमबाज साईटचे क्लिक फिरवतो, छर्ऱ्यांचा डबा बदलतो, खांद्याला टेकणारी बट प्लेट हलवतो. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी तेच सुरू होतं. मराठवाड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मार्च ते जून आणि पुन्हा सप्टेंबरच्या पावसात ही तक्रार हमखास वाढते. त्याला ठोस कारणं आहेत, आणि ती क्रमाने तपासता येतात.

हात लावण्याआधी थोडी आकडेमोड करा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

४.५ मिमीचा ०.५३ ग्रॅमचा मॅच (स्पर्धेचा) छर्रा साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. १० मीटर जायला त्याला ०.०५९ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग १६५ असेल तर १८ मिमी, १७५ असेल तर १६ मिमी. म्हणजे वेगातला दर १ मी/से फरक लक्ष्यावर ०.२ मिमी वरखाली करतो. आता गुणांकडे बघा. छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत असेल तर १०.०, आणि तिथून आत दर ०.२५ मिमीला एक दशांश वाढत १०.९ पर्यंत. ९.२ म्हणजे केंद्रापासून साधारण ४.५ मिमी. निव्वळ वेगामुळे एवढा सरकायचा तर वेगात २२ मी/से फरक पडायला हवा. एवढा फरक पडला तर आवाजच बदलतो, तो कुणालाही कळतो.

म्हणून ९.२ ला रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग, जबाबदार आहे असं कुणी म्हणालं तर पटकन मान डोलावू नका. वेगाचा दोष खरा असतो, पण तो १०.६ चा १०.३ करतो. आठ आणि नऊ बहुतेक वेळा धरण्यातून, ट्रिगरमधून, सैल स्क्रूमधून किंवा वाकलेल्या छर्ऱ्यातून येतात. एक पुरवणी जोडायला हवी. हळू निघालेला छर्रा नळीत जरा जास्त वेळ राहतो आणि तेवढ्यात रायफल हलली तर चूक थोडी मोठी दिसते. स्प्रिंग रायफलमध्ये हा परिणाम जाणवतो, हवेच्या सिलिंडरवाल्या रायफलमध्ये कमी.

आधी मोजा

क्रोनोग्राफ, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, क्लबमध्ये एक असला तरी पुरे. पत्र्याच्या शेडमध्ये प्रकाशावर चालणारा क्रोनो ट्यूबलाइटखाली चुकीचे आकडे देतो, कारण ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो आणि सेन्सर त्यालाच छर्रा समजतो. मधूनच २४० किंवा ९० असा आकडा आला तर रायफलवर संशय घेण्याआधी ट्यूब बंद करा. नळीच्या तोंडाला बसणारा, स्वतःचा इन्फ्रारेड दिवा असलेला क्रोनो वापरला तर ही कटकट राहत नाही. तो काढता-घालताना नळीवर जोर मात्र देऊ नका, आणि क्रोनो लावलेल्या अवस्थेत ग्रुप (लागोपाठच्या शॉटच्या भोकांचा पुंजका) मोजू नका.

सिलिंडरमधला दाब १५० बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास असताना दहा शॉट मारा, प्रत्येकात ३० सेकंद अंतर ठेवा. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेग यांतला फरक लिहा. चांगल्या मॅच रायफलमध्ये तो २ ते ३ मी/से असतो. ५-६ झाला की कारण शोधा, ८ च्या वर गेला की दोष आहेच. मग पाच मिनिटं रायफल तशीच ठेवून एक शॉट, लगेच त्यामागे दोन शॉट. पुन्हा वीस मिनिटं थांबून तेच. हे आकडे वहीत तारीख, वेळ, तापमान आणि गेजवरच्या दाबासकट लिहा. सकाळी सात आणि दुपारी दोन, दोन्ही वेळी ही चाचणी घ्या. नुसत्या सकाळच्या आकड्यांवरून वैशाखातल्या दुपारचं काहीच कळत नाही.

दहाही शॉट ३ मी/सेच्या आत आले आणि थांबल्यावरचा शॉटही त्यातच बसला, तर हवेचा नाद सोडा आणि खालच्या छर्रे व स्क्रूंच्या भागाकडे वळा.

हवा आणि पाणी

आपल्याकडच्या बहुतेक बिघाडांचं मूळ इथे सापडतं, म्हणून सविस्तर.

रायफलच्या सिलिंडरमध्ये साधारण ०.२ लिटर जागा असते. २०० बारला भरला की त्यात बाहेरची ४० लिटर हवा दाबून बसते. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते, म्हणजे ४० लिटरमध्ये जवळपास १ ग्रॅम पाणी. दाबलेल्या हवेत वाफ धरायला जागाच उरत नाही. ०.२ लिटरमध्ये फार तर ५-६ मिलिग्रॅम वाफ राहते, उरलेलं सगळं पाणी होतं. यातलं बरंचसं पंपात किंवा कॉम्प्रेसरच्या फिल्टरात गळून पडायला हवं. पडलं नाही तर ते सिलिंडरमध्ये, तिथून रेग्युलेटरच्या सीटवर, म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह जिथे बंद होऊन टेकतो त्या जागी. पाण्याने स्टीलचा कण गंजतो, तो कण सीटवर अडकतो आणि दाब बंद झाल्यावरही हळूहळू चढत राहतो.

हातपंपाने भरत असाल तर पंप तापू देऊ नका. पाच मिनिटं मारला की दहा-पंधरा मिनिटं विश्रांती, आणि प्रत्येक वेळी ड्रेनचा स्क्रू सोडून पाणी उडवून द्या. गरम पंपात पाणी वाफ होऊनच पुढे जातं, मग कितीही ड्रेन करा, उपयोग नाही. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर असेल तर त्यामागे मॉलिक्युलर सीव्ह आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर हवाच. सीव्ह पाणी धरते, कार्बन तेलाची वाफ धरतो. हवा आत घेण्याच्या बाजूला रंग बदलणारी सिलिका जेल लावा. निळी गुलाबी झाली, किंवा नारिंगी हिरवी झाली, की ती वाळवा. सप्टेंबरात हे आठवड्यातून दोनदा करावं लागतं, एप्रिलमध्ये महिनाभर बघावं लागत नाही. एप्रिलचा त्रास वेगळा: धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ भरण्याच्या जोडावर बसते आणि जोड लावला की थेट आत जाते. सिलिंडर रायफलमधून काढला की दोन्हीकडे टोपी, आणि जोडण्याआधी स्वच्छ कोरड्या सुती कापडाने पुसणं. ॲडॅप्टर बाकावर उघडा पडलेला दिसला तर तिथेच थांबून तो आधी साफ करा.

काही गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. वेल्डिंगच्या दुकानातल्या किंवा दवाखान्यातल्या ऑक्सिजनने सिलिंडर कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब एकत्र आले की स्फोट होतो. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर या कामाचा नाही, तो दहाएक बारच्या पुढे जात नाही. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला चकाकी येईल इतकंच. मशीन ऑईल, खोबरेल तेल, व्हॅसलीन चालत नाही. सिलिंडरवर बनवल्याची तारीख असते. बहुतेक मॅच रायफल कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका.

आता गेज. मे महिन्यात दुपारी ४२ अंशाला २०० बार दाखवणारा सिलिंडर पहाटे २६ अंशाला १९० दाखवतो, कारण दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात कमी होतो. अनेक जण याला गळती समजून ओ-रिंग बदलत बसतात. गळती बघायची तर आज सकाळी सात आणि उद्या सकाळी सात असे दोन आकडे घ्या. घाईघाईत भरलेला सिलिंडरही असाच फसवतो. भरताना तो ५५ अंशापर्यंत तापला तर थंड झाल्यावर २०० चे १८८ होतात. हळू भरा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग वरची भर घाला. खरी गळती साबणाच्या फेसाने सापडते. जोडावर लावा आणि पाच मिनिटं बुडबुडा बघा.

उन्हाळ्यात उलटी काळजीही घ्यायची. घरात ३० अंशाला २०० बार भरून बंद गाडीत ठेवला आणि आतलं तापमान ६० वर गेलं तर दाब २२० होतो. एप्रिल-मे मध्ये १८० च्या वर भरू नका. ६० शॉटच्या सामन्याला आणि सराव शॉट्सना तेवढं भरपूर होतं.

पहिला शॉट वेगळा, बाकी ठीक

हे रेग्युलेटरचं लक्षण. रेग्युलेटरचं काम २०० बारमधून एकसारखा कमी दाब पुढच्या कप्प्यात देणं आणि तिथे पोचल्यावर पूर्ण बंद होणं. वॉशर झिजलेला नळ रात्रभर थेंब थेंब गळतो तसा घाण बसलेला रेग्युलेटर बंद झाल्यावरही हवा सोडत राहतो. लगेच पुढचा शॉट मारला तर काही कळत नाही, वीस मिनिटांनी कप्प्यातला दाब चढलेला असतो. पहिला शॉट ४-५ मी/सेने जास्त येतो, लक्ष्यावर १ मिमी वर. दाब फारच चढला तर हातोडीला व्हॉल्व्ह पुरेसा उघडता येत नाही आणि उलट वेग पडतो. म्हणून पहिला शॉट खाली गेला तरी रेग्युलेटर निर्दोष आहे असं समजू नका.

पण पहिला शॉट हळू आणि पुढचे दोन हळूहळू वर चढत गेले, तर संशय वाळलेल्या ग्रीसवर घ्या. उन्हाळ्यात ग्रीसमधलं तेल सुटतं, धूळ चिकटते आणि हातोडी पहिल्यांदा अडखळत सरकते. दोन्हींतला फरक क्रोनोवर स्पष्ट दिसतो: रेग्युलेटरच्या दोषात वेग एका शॉटमध्ये जागेवर येतो, ग्रीसच्या दोषात दोन-चार शॉट लागतात.

तात्पुरता इलाज सोपा आहे. लक्ष्यावर जाण्याआधी, नियमात परवानगी असेल त्या वेळात, एक ड्राय शॉट (छर्रा न भरता) हवेसकट मारून कप्पा रिकामा करा. सामना सुरू असताना हवा सोडणं नियमात बसत नाही, तेव्हा दोन शॉटमधलं अंतर वाढू देऊ नका. कायमचा इलाज म्हणजे रेग्युलेटर उघडून सीट साफ करणं आणि ओ-रिंग बदलणं. हे घरी करू नका. आतल्या वॉशरचा क्रम चुकला किंवा दाब पूर्ण न सोडता स्क्रू फिरवला तर इजा होते. आर्मररकडे (रायफल दुरुस्त करणाऱ्याकडे) पाठवताना वहीतले आकडे सोबत द्या, नुसतं ‘वर मारते’ लिहिलं तर तोही अंदाजानेच काम करणार.

शेवटच्या पंधरा-वीस शॉटमध्ये वेग सरळ उतरत गेला तर दोष नाही, हवा संपली आहे. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली आला की असंच होणार. छोटा गेज १० बार इकडेतिकडे दाखवू शकतो, म्हणून दाब १०० वर आला की पुन्हा भरायची सवय लावा.

छर्रे

वेग ठीक पण ग्रुप सगळ्या बाजूंना पसरतो, तर डब्याकडे बघा. मॅच छर्ऱ्याच्या डब्यावर डोक्याचा व्यास छापलेला असतो: ४.४९, ४.५०, ४.५१. कोणता आपल्या नळीला चालतो हे विचारून कळत नाही. रायफल व्हाइसमध्ये धरून प्रत्येकाचे दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप काढा. ग्रुपची बाहेरून बाहेर मापलेली रुंदी वजा ४.५ म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंतचा पसारा. बाहेरून ७ मिमी आला तर पसारा २.५ मिमी, म्हणजे बरोबर मधोमध असताना वाईटात वाईट शॉटसुद्धा १०.५ च्या आसपास. त्याहून चांगला ग्रुप मिळाला तर तोच व्यास धरा आणि शक्य तितके डबे एकाच लॉटचे (एकाच वेळी बनवलेल्या मालाचे) घ्या. एक चांगला ग्रुप बघून डब्यांची पेटी मागवू नका, तिन्ही बघा.

प्रवासात सुटे हलणारे छर्रे घागऱ्यावर, म्हणजे मागच्या पातळ कडेवर, चेपतात. एसटीत बॅगेत डबा टाकताना वर स्पंजची चकती ठेवा. भरताना छर्रा अंगठ्याने ढकलताना तिरका गेला तर तो शॉट गेलाच समजा. वजन करायचं असेल तर ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या; एका डब्यात ०.०२ हून जास्त फरक असलेले बाजूला काढा आणि सरावाला वापरा. डोक्याचा व्यास आणि कडेचा गोलावा यांचा परिणाम मात्र वजनापेक्षा मोठा असतो, म्हणून वेळ कमी असेल तर नुसती नजर टाकून चेपलेले काढणं जास्त फायद्याचं.

नळी पाचेकशे शॉटनंतर फेल्टच्या गोळ्यांनी साफ करा. दोन-तीन एकत्र घालून, नंतर दहा-वीस शॉट नळी बसायला द्या आणि त्यांचे गुण मोजू नका. स्प्रिंग रायफलमध्ये फेल्ट उडवू नका. समोर पुरेसा अडथळा नसल्यामुळे पिस्टन आपटतो आणि सील फाटतं. तिथे काडीने किंवा दोरीने ओढून साफ करा.

स्प्रिंग रायफलवाल्यांसाठी

ओपन साईट (उघडी खाच) आणि पीप साईट (छोट्या भोकातून बघायची साईट) गटातली बरीच मुलं देशी स्प्रिंग रायफलने शिकतात. त्यांचा नेहमीचा दोष तेल. रायफल जड चालते म्हणून पोर्टमध्ये तेल सोडलं जातं, पिस्टन हवा दाबतो तेव्हा तेल पेटतं, धूर येतो, आवाज कडक होतो आणि वेग एकदम वीसेक मी/सेने उसळतो. वरचा हिशोब लावा: लक्ष्यावर तीन-चार मिमी वर, आणि पुढच्याच शॉटला नाही. उपाय म्हणजे तेल थांबवणं आणि पंचवीस-तीस शॉटमध्ये ते जळून जाऊ देणं. चामड्याचं सील असेल तर महिन्यातून एक-दोन थेंब योग्य तेल, सिंथेटिक सील असेल तर काहीच नाही.

दुसरा दोष बिजागरीचा. नळी मोडून बंद केल्यावर तोंडाशी धरून हळूच बाजूला हलवा. जराही खेळ जाणवला तर पिव्होट घट्ट करून घ्या. ही रायफल व्हाइसमध्ये कधी तपासू नका. तिचा धक्का आधी मागे, मग पुढे जातो आणि घट्ट आवळली की शून्यच बदलतं. मऊ वाळूच्या पिशवीवर, प्रत्येक वेळी त्याच जागी टेकवा.

वेग चांगला, छर्रे चांगले, तरी वरखाली

स्टॉकचे ॲक्शन स्क्रू सैल झालेत का बघा. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळा आणि डोक्यावर मार्करची रेघ मारून ठेवा, मग नुसत्या नजरेने कळतं. मागच्या साईटचे रेलवरचे स्क्रू, पुढच्या साईटच्या टनेलची रिंग, चीक पीस (स्टॉकवर गाल टेकवायची जागा) यांनाही तशीच रेघ. चीक पीसची उंची १ मिमी बदलली तर डोळा साईटच्या मध्यावरून सरकतो, आणि घाम आलेला गाल तो रोज सरकवतो.

उजेडही तपासा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात लक्ष्यावर किमान १५०० लक्स लागतात. पत्र्याच्या फटींतून येणारं सकाळचं ऊन किंवा अचानक दाटलेलं आभाळ यामुळे ओपन साईटचं शून्य सरकतं. लाईट जाऊन इन्व्हर्टरवर आली की लक्ष्यावरचे दिवे मंद होतात, आणि शॉट सरकल्याचा दोष रायफलवर येतो. मोबाइलचं लक्स ॲप अचूक नसतं, तरी काल आणि आज यांतला फरक ते दाखवतं.

.२२ रायफलबद्दल

५० मीटरला वापरलं जाणारं .२२ चं मॅच काडतूसही मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली, साधारण ३२५-३३० मी/सेला बनवलेलं असतं, कारण ध्वनीच्या वेगाजवळून जाताना गोळी डगमगते आणि वारा तिला जास्त ढकलतो. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो: १० अंशाला ३३७, ४२ अंशाला ३५६ मी/से. डिसेंबरातल्या पहाटे गोळीचा वेग आणि ध्वनीचा वेग यांतलं अंतर बरंच कमी होतं, मेच्या दुपारी ते मोकळं असतं. एकाच डब्याचे ग्रुप दोन ऋतूंत वेगळे आले तर आधी हे लक्षात घ्या. या काडतुसाचा पेटवण्याचा मसाला कडेच्या घडीत असतो, त्यामुळे ते पुन्हा भरण्याजोगं नाही. हाती असतं ते लॉट निवडणं: प्रत्येक लॉटचे दहा-दहा शॉटचे चार ग्रुप काढून मग त्याच लॉटचे डबे घ्यायचे. काडतुसं घरी भरण्याचा खटाटोप परवान्याशिवाय गुन्हा ठरतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आज शिकारीचा प्रश्नच उरत नाही; हे सगळं फक्त कागदी लक्ष्यासाठी. एअर रायफलला ४.५ मिमीपर्यंत बोअर आणि २० जूलपर्यंत ऊर्जा असेल तर परवाना लागत नाही. वर सांगितलेला छर्रा १७० मी/सेला साडेसात-पावणेआठ जूल देतो.

शिशाचं लक्षात ठेवा. बाकावर डबा उघडा असताना तिथे जेवणाचा डबा उघडू नका, लक्ष्यामागची धूळ कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि लहान मुलांना पाणी पिण्याआधी साबणाने हात धुवायला लावा.